कराओकेत शब्द पुढे, गाणं मागे: चूक गायकाची की लॅपटॉपची?

दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावात वाढदिवस असो, निरोप समारंभ असो की गणेशोत्सव, ऑर्केस्ट्रा बोलावणं प्रत्येकाला परवडत नाही. लॅपटॉप, स्पीकर आणि कराओके ट्रॅक एवढ्यावर काम भागतं. पण अनेकदा पडद्यावरचा शब्द आधी रंगतो आणि संगीत नंतर ऐकू येतं. गायक गडबडतो आणि समोरचे म्हणतात, "याला ताल कळत नाही." खरंच दोष त्याचा असतो का?

शब्द आणि सूर जुळतात कसे?

१९८० च्या दशकात आलेली सीडीजी ही कराओकेची पद्धत आजही वापरात आहे. त्यात चित्रासाठी सेकंदाला ३०० छोटे आदेश असतात. आदेशावर वेळ लिहिलेली नसते, त्याचा क्रमांक हीच त्याची वेळ. गाण्याचं एक मिनिट संपलं की १८,००० आदेश पूर्ण झालेले हवेत.

म्हणून चांगलं सॉफ्टवेअर चित्रासाठी वेगळं घड्याळ लावत नाही. आवाज कुठवर वाजला ते बघून चित्र पुढे नेतं. तसं केलं नाही आणि प्रत्येक चित्राला फक्त १ मिलिसेकंद उशीर झाला, तर सेकंदाला २५ चित्रं धरून ४ मिनिटांच्या गाण्याअखेर शब्द ६ सेकंद मागे पडतात.

मग शब्द पुढे का पळतात?

बहुतेक वेळा कारण ब्लूटूथ असतं. आवाज बिनतारी पाठवण्याआधी लहान करावा लागतो, स्पीकरमध्ये तो पुन्हा उलगडावा लागतो. यात साधारण १०० ते २०० मिलिसेकंद जातात, कधी त्याहून जास्त. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. म्हणजे गायक कधीकधी जवळपास अर्धा ठोका आधी सुरू होतो, तेही पडद्यावर विश्वास ठेवून.

मराठीची वेगळी अडचण

'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चारात मात्र 'क' आधी येतो. त्यामुळे रंग चिन्हागणिक नाही, तर पूर्ण अक्षरागणिक सरकायला हवा. फक्त इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली सॉफ्टवेअर इथे अडखळतात.

हा प्रश्न करमणुकीपुरता नाही. अहमदाबादच्या आयआयएममधील ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये एक कल्पना मांडली: टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेतले शब्द दाखवले, तर कच्चं वाचणाऱ्यांचा सराव होईल. पुढे दूरदर्शनवर ती वापरली गेली. पण शब्द ऐकू येतो त्याच क्षणी तो दिसला, तरच हा सराव होतो.

तुम्ही काय तपासाल?

- फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच असेल, तर ब्लूटूथ काढून वायर लावा. वायर नसेल, तर सॉफ्टवेअरमध्ये शब्द उशिरा दाखवण्याची सोय शोधा.
- फरक वाढत जात असेल, तर ट्रॅक आणि शब्दांची फाइल एकाच गाण्याची, एकाच लांबीची आहे का ते बघा. ती जुळत असेल, तर दुसऱ्या सॉफ्टवेअरवर वाजवून पाहा.
- गाणं मध्येच पुढे ढकलल्यावर शब्द चुकत असतील, तर सुरुवातीपासून लावा.

एवढं करूनही ताल चुकला, तर मग रियाज वाढवायला हरकत नाही.