जोडणीचे ज्ञान कोणाच्या हाती?

बहरीनने १९७५ मध्ये परदेशी बँकांना ऑफशोअर बँकिंगचे परवाने देण्यास आरंभ केला आणि मनामा आखातातील एक प्रमुख बँकिंग केंद्र झाले. पुढे १९८८ मध्ये आयबीएमने एएस/४०० हा मध्यम क्षमतेचा व्यापारी संगणक आणला आणि जगभरातील अनेक बँकांचे हिशेब त्यावर चढले. त्याची आजची पिढी 'आयबीएम आय' या नावाने कार्यरत आहे. भोवती मात्र ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर असे इतर कंपन्यांचे डेटाबेस उभे राहिले. या सर्वांचा परस्परांशी संवाद घडविणे हे आज आपल्यातील अनेक संगणक-व्यावसायिकांचे काम आहे.

यंत्रास यंत्र जोडणे त्यामानाने सोपे. आयबीएमची डीआरडीए, १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेली ओडीबीसी आणि जावासाठीची जेडीबीसी या पद्धतींनी तो मार्ग खुला केला आहे. कसोटी लागते ती अर्थ जुळविताना. एएस/४०० च्या एबसिडिक लिपीसंकेतात अंक अक्षरांनंतर येतात, तर आस्कीमध्ये अक्षरांपूर्वी. त्यामुळे एकच यादी दोन यंत्रांवर दोन क्रमांनी उतरते. बहरीनी दिनाराचे १००० फिल्स होतात, म्हणजे दशांशानंतर तीन स्थाने हवीत. घेणाऱ्या डेटाबेसात दोनच स्थाने ठेवली, तर १२५.३७५ दिनारांतील शेवटचे पाच फिल्स हिशेबातून निसटतात आणि यंत्र तक्रार करीलच असे नाही. हजारो श्रमिकांच्या वेतनपत्रकात ही चूक क्षुल्लक कशी म्हणावी?

अशा खाचाखोचा बहुधा कार्यालयातील एकाच ज्येष्ठास ठाऊक असतात. तो निवृत्त होऊन मायदेशी परततो आणि ज्ञानही त्याच्यासोबत जाते. नवशिक्यांना जुने यंत्र ठाऊक नसते, जुन्यांना नवे डेटाबेस परके वाटतात. ज्ञानाच्या दारावर पहारे बसविल्याने काय होते, हे आपल्या समाजाहून अधिक कोणी भोगले आहे? आदर्श समाजात एका भागातील बदल दुसऱ्या भागापर्यंत पोहोचविणारे अनेक मार्ग असावेत, असा विचार बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात मांडला. तो आपल्या व्यवसायासही लागू आहे.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, प्रत्येक रकान्याचा अर्थ, दशांशस्थाने व तारखेची रीत ज्येष्ठांनी लिहून ठेवावी. शुक्रवारच्या सुट्टीत मंडळाने अभ्यासवर्ग भरवावा. तेथे ज्येष्ठांनी जुने शिकवावे, तरुणांनी नवे. आपली नोकरी टिकावी म्हणून ज्ञान दडविणे बाबासाहेबांच्या अनुयायास शोभणारे नाही.

जयभीम!