मोह मराठीत, माहिती इंग्रजीत

पनवेल-रोहा लोहमार्गावर आपटा आणि हमरापूर यांच्या मध्ये जिते हे स्थानक आहे. पेण तालुक्यातल्या अशा गावात सौंदर्यप्रसाधनांची बाजारपेठ म्हणजे किराणा दुकानाच्या दारात लोंबणारी शाम्पूच्या पुड्यांची माळ, फळीवरचे साबण, टाल्कम पावडर आणि चेहरा उजळण्याचे आश्वासन देणारी एखादी क्रीम. मराठी समीक्षेने या माळेकडे पाहिले ते एकाच चष्म्यातून. १९९१ नंतरच्या आपल्या परिसंवादांत 'चंगळवाद' हा शब्द उच्चारला की विचार करण्याची जबाबदारी संपत असे. शेतावरून आलेल्या बाईने पुडीतल्या शाम्पूने केस धुतले की संस्कृती बुडते, असे मानणारे अध्यापक स्वतः शिकेकाई कुटत नसत, हे सांगणे न लगे.

प्रश्न तिच्या हौसेचा नाहीच. तिला काय विकले जाते हे तिला कोणत्या भाषेत सांगितले जाते, हा आहे. आणि तो आपला, भाषेच्या माणसांचा, प्रश्न आहे.

मोहात पाडताना बाजार उत्तम मराठी बोलतो. दिवाळीचे अभ्यंगस्नान आणि मोती साबण हे समीकरण मराठी घरात असे रुजले आहे की, टाटांची टॉम्को कंपनी १९९३ साली हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली तरी पहाटेच्या न्हाणीघरात काहीच बदलले नाही. मात्र तोच साबण उलटा करून पाहा. वेष्टनावरील तपशील हिंदीत किंवा इंग्रजीत असावा, एवढीच २०११ च्या वेष्टित वस्तूंविषयीच्या वैधमापन नियमांची अट आहे. मराठीला मनाई नाही, पण सक्तीही नाही. शिवाय दहा ग्रॅम वा दहा मिलिलिटरपर्यंतच्या पुडीला यातल्या बऱ्याच अटींतून सूट! म्हणजे ज्यांना एका वेळी पुडीच परवडते, त्यांच्या वाट्याला माहितीही पुडीएवढीच.

आपण काय केले? दुकानांच्या पाट्यांसाठी लढलो. २०२२ साली दहांहून कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील व्यापाऱ्यांना पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जाही मिळाला. उत्तम झाले. पण पाटीखालून आत गेल्यावर फळीवर काय लिहिले आहे, हे विचारायला कोणी थांबले नाही. 'फेअर अँड लव्हली' १९७५ पासून विकली गेली आणि २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झाली. बदल झाला तोही इंग्रजीतून इंग्रजीत. 'गोरी' या आपल्या विशेषणाचे काय करायचे, ते आपण ठरवलेच नाही.

२०२३ साली अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींची मूत्रपिंडे एका स्थानिक क्रीममुळे बिघडल्याचे उघडकीस आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीममध्ये पारा आढळला. मराठी वेष्टनाने हे टळले असते, असे म्हणणे बालिश ठरेल. पण घटकद्रव्ये वाचण्याची सवयच जिला लागू दिली नाही, तिला डबीवर काहीच लिहिलेले नाही हे खटकावे तरी कसे?

वेष्टनावर जागा नाही, हा उत्पादकांचा बचाव ठरलेला आहे. घोषवाक्याला जागा सापडते, नटीच्या चेहऱ्याला सापडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू, साबण, टूथपेस्टवरील जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. छोट्या पुडीवरची किंमत तीच ठेवून आतले वजन कमीजास्त करणे हा या व्यवसायाचा जुना रिवाज. अशा वेळी करकपातीतून आपल्या पदरात काय पडले, हे कळायला वजनाचा बारीक आकडाच वाचावा लागतो.

आणि आपले अभ्यासक्रम? 'व्यावहारिक मराठी'च्या प्रश्नपत्रिकेत साबणाची जाहिरात तयार करायला गुण असतात. 'डोळ्यांत गेल्यास पाण्याने धुवा, पुरळ आल्यास वापर थांबवा' ही सूचना नेमक्या मराठीत, बोटभर जागेत लिहायला कोणी सांगत नाही. पुढील अभ्यासमंडळाच्या बैठकीत हा प्रश्न घालण्यास कोणाची हरकत असेल, तर ती लेखी नोंदवावी.