बंगल्यांच्या लेआउटमध्ये आपले वीस टक्के कुठे आहेत?

काही वर्षांपूर्वी मी आणि माझा नवरा कल्याणच्या पलीकडे एक प्लॉट बघायला गेलो होतो. एक कुटुंब, एक भूखंड, एक बंगला अशी ती योजना. दलालाने नकाशा दाखवला, रस्ते दाखवले, बागेची जागा दाखवली. मग सहज विचारावं तसं विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" सांगितलं. नकाशाची गुंडाळी झाली. "तिथली मंडळी जरा वेगळी आहेत ताई, तुम्हाला करमणार नाही." पैशांचा विषय तोवर निघालाही नव्हता.

२०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारली गेली तेव्हा अख्खा महाराष्ट्र संतापला. संताप योग्यच होता. पण मराठी माणूसच मराठी माणसाला आडनाव विचारून परत पाठवतो, तेव्हा हा संताप कुठे जातो?

लोक म्हणतात, बंगल्याच्या प्लॉटला जात नसते, तिथे फक्त ऐपत लागते. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला विचारावंसं वाटतं, ऐपत आली कुठून? ज्यांच्या आजोबांच्या नावावर सातबारा होता त्यांच्या नातवाकडे प्लॉट विकत घ्यायला भांडवल आहे. ज्यांच्या आजोबांना गावकुसाबाहेर ठेवलं त्यांच्या नातवाकडे बँकेचं कर्ज आहे, तेही नोकरी असली तर. म्हणून भूखंडाचा आकार मोठा ठेवला की जात वेगळी लिहावी लागत नाही.

ही युक्ती जगाला नवी नाही. १९१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुईव्हिल शहराचा वंशावर आधारलेला वस्तीचा कायदा रद्द केला. त्याच वर्षी बाबासाहेब बडोद्यात पारशी खानावळीतून हाकलले गेले, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. पण नऊच वर्षांनी, १९२६ मध्ये, त्याच न्यायालयाने युक्लिड गावाच्या खटल्यात जमिनीच्या वापराप्रमाणे वस्त्या वेगळ्या ठेवण्याचा नगरपालिकांचा अधिकार मान्य केला. निकालात भाड्याच्या इमारतीला बंगल्यांच्या वस्तीतलं बांडगूळ ठरवलं गेलं. उघड वंशभेद गेला, पण जागेच्या नियमातून तो परत आला. मिनियापोलिस शहराने २०१८ मध्ये केवळ एका कुटुंबाच्या घरांसाठी राखीव वस्त्यांचा नियम मोडायचं ठरवलं. म्हणजे चूक मान्य करायला नव्वदहून अधिक वर्षं लागली.

आपल्याकडे मात्र या रोगावर एक औषध नियमात आधीच लिहिलेलं आहे, आणि आपल्याच लोकांना ते माहीत नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून सर्वसमावेशक गृहनिर्माणाची तरतूद आहे. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही ती कायम आहे. दहा लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकेत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर निवासी भूखंड पाडायचे असतील, तर २० टक्के क्षेत्र दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ३० ते ५० चौरस मीटरच्या भूखंडांच्या रूपात द्यायचं असतं. ते म्हाडामार्फत वाटले जातात. २०११ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या अठरा लाखांच्या वर आणि कल्याण-डोंबिवलीची बारा लाखांच्या वर होती. दोन्ही शहरं या नियमात बसतात.

साधा हिशेब करू. एखाद्या लेआउटचं नियमाप्रमाणे धरायचं क्षेत्र ३० हजार चौरस मीटर निघालं, तर २० टक्के म्हणजे सहा हजार. ५० मीटरचा एक याप्रमाणे १२० भूखंड. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींना ११ टक्के आरक्षण असतं, म्हणजे तेरा कुटुंबं. बंगल्याच्या शेजारी, त्याच रस्त्यावर, त्याच पाण्याच्या लाइनवर. दलालाला त्यांचं आडनाव विचारण्याची संधीच मिळत नाही.

म्हणूनच हा नियम टाळला जातो. २०२२ मध्ये नाशिकचं प्रकरण गाजलं. तत्कालीन गृहनिर्माणमंत्री, आपल्या कळवा-मुंब्र्याचे आमदार जितेंद्र आव्हाड यांनी आरोप केला की बिल्डरांनी वीस टक्क्यांतली घरं म्हाडाला दिलीच नाहीत. चार हजारांची अट चुकवायला जमिनीचे तुकडे पाडल्याच्या तक्रारी झाल्या. प्रश्न विधान परिषदेत पोचला आणि आयुक्तांची बदली झाली. शिवाय हा वाटा शहरात दुसरीकडे देण्याची सोयही ठेवली जाते. बंगले टेकडीवर आणि गरीब नाल्याकाठी, अशी मांडणी त्यातून कायदेशीर होते. गावकूस पुन्हा बांधलं जातं, फक्त या वेळी त्यावर नगररचना विभागाचा शिक्का असतो.

आता थोडं आपल्याबद्दल. विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात, सुनावणी होते. लेआउटची मंजुरी मात्र टेबलावर होते, तिथे जनतेला कुणी बोलावत नाही. आणि आपणही जात नाही. १४ एप्रिलला कोर्टनाक्यावर बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करायला गर्दी करतो. तिथून पाचपाखाडीचं महापालिका भवन फार लांब नाही. पण नगररचना विभागाच्या खिडकीशी आपल्यातले किती जण उभे राहतात? आपल्यातले जे अधिकारी झाले, ज्यांनी अशा कॉलनीत बंगला घेतला, तेही दारावरच्या पाटीत आडनाव आखडून गप्प बसतात. मी त्यांना दोष देत नाही, त्यांची भीती मला कळते. पण त्यांच्या शेजारी ती तेरा कुटुंबं आली असती, तर ही भीती निम्मी झाली असती.

म्हणून काम ठरवू. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत चार हजार चौरस मीटरवरच्या प्रत्येक मंजूर लेआउटची यादी माहिती अधिकारात मागू. महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशे असतात, ते उघडून वीस टक्क्यांचे भूखंड कुठे दाखवलेत ते बघू. शेजारशेजारचे गट क्रमांक एकाच मालकाचे असून वेगवेगळे प्रस्ताव आले असतील, तर लेखी तक्रार करू. आणि एकच मागणी लावून धरू: वाटा त्याच लेआउटमध्ये, आणि तो म्हाडाच्या ताब्यात जाईपर्यंत अंतिम मंजुरी नाही.

बाबासाहेबांनी आपल्याला गाव सोडून शहरात जायला सांगितलं, ते तिथे नवा महारवाडा वसवण्यासाठी नव्हे. शहराच्या नकाशावर रेघ कुठे ओढायची, हे ठरवणाऱ्या टेबलापर्यंत आपण पोचलं पाहिजे.

जय भीम!