जुनं म्हणून मोलाचं नव्हे

वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखोंना जातं, असं मोबाइलवर वाचून माणसं घरातले डबे उपसतात. हे नाणं 2012 साली निघालेलं, सर्रास चलनात आलेलं. त्याला लाख मोजणारा कुणी नसतो. असतो तो आधी ‘कमिशन’ मागणारा ठग. रिझर्व्ह बँकेचं नाव घेऊन हे उद्योग इतके वाढले की 2021 मध्ये बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला. तरी ठगाचं फावतं, कारण ‘जुनं ते मोलाचं’ ही समजूत आपल्या मनात आधीपासून घट्ट असते.

ती साफ चुकीची आहे. तांब्याची शिवराई शिवाजी महाराजांच्या मागेही पाडली जात राहिली, दख्खनच्या बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या फिरली. म्हणून साधी शिवराई आजही शे-पाचशेत मिळते. महाराजांचा सोन्याचा होन मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच उरलाय आणि सामान्य संग्राहकाला तो परवडत नाही. हा फरक सोन्याचा, असं कुणी म्हणेल. मग सहाव्या जॉर्जचा रुपया पाहा. 1938 आणि 1939, दोन्हींत चांदी तीच, वजन तेच. पहिला सहज मिळतो, दुसरा इतका विरळा की 1938 चा आठ खोडून नऊ करणारे लबाड निपजले.

तिकिटांचंही तेच. 1840 चं ‘पेनी ब्लॅक’ जगातलं पहिलं डाक तिकीट, पण छापलं सहा कोटींहून अधिक. त्याचा वापरलेला नग पगारदार माणूसही घेऊ शकतो. आपल्याकडच्या 1854 च्या चार आण्यांच्या तिकिटावर दुरंगी छपाईत काही कागद उलटे लागले, राणीचं डोकं खाली गेलं. असे जेमतेम काही नग उरलेत, आणि त्यांच्यासाठी जगभरचे संग्राहक झुरतात. नग थोडे आणि मागणारे पुष्कळ, तेव्हाच भाव चढतो. मग पाहायची नगाची अवस्था. चिंच लावून नाणं लख्ख करणारे त्याचं मोल आपल्याच हातांनी घासून टाकतात.

पण माझ्या लेखी सर्वांत मोठं मोल आहे नाण्याच्या साक्षीचं. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. विजेत्याने हरलेल्याचं चलन कसं आपलंसं केलं, हे त्या दुहेरी ठशात वाचता येतं. आणि ते उमगलं कारण ठेव एकत्र तपासली गेली. शेतात हंडा लागल्यावर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं सोडून तो सोनाराच्या मुशीत रिकामा करणारा माणूस चांदीचा भाव पदरात पाडून घेतो आणि आपल्या सर्वांचा इतिहास वितळवतो.