असाधारणतेचा सातबारा

अमेरिकेच्या १९९० च्या स्थलांतर कायद्याने नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या कायम वास्तव्याच्या परवान्यांचे, म्हणजेच ग्रीन कार्डांचे, पाच वर्ग पाडले आणि पहिल्या वर्गात ‘असाधारण क्षमता’ हा प्रकार ठेवला. ईबी-१ए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात कंपनीची हमी लागत नाही, अर्जदार स्वतःच अर्ज करतो. त्यामुळे एच-१बी व्हिसामुळे एकाच कंपनीच्या दावणीला बांधल्या गेलेल्या अभियंत्यांना त्याचे आकर्षण वाटते. मुख्य अट एकच, पण अवघड: आपण आपल्या क्षेत्रातील शिखरावरच्या मोजक्यांपैकी आहोत, हे कागदाने सिद्ध करायचे. जगन्मान्य मोठा पुरस्कार असेल तर तो एकटा पुरतो. नसेल तर दहापैकी किमान तीन निकष.

सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट कागदावर सिद्ध करण्याची सक्ती गडचिरोलीला नवी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, आणि दावेदार आदिवासी नसेल तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवासही. २००८ च्या नियमांतील तेराव्या नियमात पुराव्यांची यादी आहे: सरकारी नोंदी, मतदार ओळखपत्र, शेताचे बांध, जुनी विहीर, दफनभूमी, आणि त्यांपैकी एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत, असेही तेथे म्हटले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला सामूहिक वनहक्काचा पट्टा २००९ मध्ये मिळाला. जंगल मात्र गाव त्याच्या कितीतरी आधीपासून राखत होते.

अभियंत्याची अडचण अशी की त्याच्या कामाला बांधही नसतो आणि विहीरही. चंद्रपूरच्या २९२० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक वीज केंद्राचे उदाहरण घेता येईल. कोळशात राख जास्त असली की धुराबरोबर वाहणारे राखेचे कण बॉयलरच्या नळ्या घासत राहतात, विशेषतः वळणांवर. नळीला छिद्र पडून वाफ सुटली की संच बंद करावा लागतो. एखाद्या देखभाल अभियंत्याने झीज नेमकी कोठे होते हे मोजून त्या वळणांवर संरक्षक पत्रे बसवले आणि गळती कमी झाली, तर शिफ्टच्या नोंदवहीत उमटते ते संच किती वाजता सुरू झाला एवढेच. हे काम गुणवत्तेत कमी नाही, पण ‘क्षेत्रावर मोठा परिणाम करणारे मौलिक योगदान’ या निकषात ते बसवायचे, तर ती पद्धत इतर केंद्रांनी उचलल्याचा, पेटंट वापरात असल्याचा किंवा शोधनिबंधाचे दाखले इतरांनी घेतल्याचा पुरावा लागतो. अभियंत्यांच्या उपयोगाचे बाकीचे निकष म्हणजे इतरांच्या कामाचे परीक्षण, नामांकित संस्थेतील कळीची भूमिका, क्षेत्राच्या मानाने बराच जास्त पगार. दहावा निकष रंगमंचावरील धंदेवाईक यशाचा आहे, आणि तिकीटविक्रीच्या हिशेबाने तो दाखवता येतो. तेव्हा या एका निकषापुरते चंद्रपूरच्या अभियंत्यापेक्षा गडचिरोली जिल्ह्यातील वडशाच्या एखाद्या झाडीपट्टी नाटक कंपनीचे पारडे जड ठरेल.

तीन निकष पूर्ण झाले म्हणजे काम झाले, असा समज मात्र चुकीचा आहे. काझारियन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाच्या खटल्यात अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांसाठीच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये असे सांगितले की निकष मोजताना नियमात नसलेल्या अटी अधिकाऱ्याने घालू नयेत. अर्जदाराचे दोनच निकष पूर्ण झाल्याने त्याचा अर्ज मात्र नामंजूरच राहिला. तेव्हापासून छाननी दोन टप्प्यांत होते: आधी निकषांची मोजणी, मग सगळा पुरावा एकत्र ठेवून शिखराचा निवाडा. दुसरा टप्पा बराचसा अधिकाऱ्याच्या मतावर चालतो, आणि तेथेच पुष्कळ अर्ज अडतात.

शिफारसपत्रांचे स्थानही नीट समजून घ्यायला हवे. वनहक्काच्या नियमांत दावेदाराखेरीज गावातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली जबानी हा यादीतला स्वतंत्र पुरावा आहे, म्हणजे म्हाताऱ्याच्या आठवणीला कायद्याने मोल दिले आहे. अमेरिकेच्या अर्जात नामवंत प्राध्यापकाचे पत्र तेवढ्याने पुरत नाही. पत्रातील प्रत्येक विधानामागे दुसरा कागद उभा करावा लागतो, आणि वीज केंद्राच्या नोंदवहीतल्या त्या ओळीखाली बहुधा सही असते ती शिफ्ट इंचार्जची.