साठाव्या दिवसानंतर

मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन यांस,



महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधल्या कलम ४५(५) विषयी हे पत्र आहे. नियोजन प्राधिकरणाने ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाल्याचे मानावे, असे हे कलम सांगते. घर बांधणाऱ्याला सरकारी दिरंगाईपासून वाचवणारी ही तरतूद रास्तच आहे. पण याच कायद्यातल्या ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येत इमारत पाडणेही येते. चुकून मंजूर झालेला मजला उतरवता येतो. पाडलेली वारसा इमारत कोणत्याही अपिलाने परत उभी राहत नाही.

प्रस्ताव विकास नियंत्रण नियमावलीला धरून असेल तरच ही मानीव परवानगी लागू होते, हे मला ठाऊक आहे. मुंबईत १९९५ पासून वारसा यादीतल्या इमारतीसाठी वारसा संवर्धन समितीचा सल्ला घ्यावा लागतो. तो सल्लाच आला नसेल, तर प्रस्ताव नियमाला धरून आहे असे कसे म्हणायचे? माझ्या मते म्हणताच येत नाही. पण कलमात हे स्पष्ट लिहिलेले नाही, म्हणून वादाला जागा उरते. मुदत मोजायची कुठून, हा आणखी एक पेच. अर्जावर आवक शिक्का पडला तो दिवस, की त्रुटीपत्राला अर्जदाराचे उत्तर पोचले तो? यातला जो नंतरचा तो धरावा, असे कायदा सांगतो. मग त्रुटीपत्र ५८ व्या दिवशी निघाले, तर ते खरोखर कागद हवे होते म्हणून, की मुदत वाढवण्यासाठी? दीडशे वर्षांच्या वास्तूचे भवितव्य अशा वेळी जावक नोंदवहीतल्या एका तारखेवर येऊन ठेपते. वास्तूच्या मोलाचा विचार त्यात कुठेच होत नाही.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात वारसा इमारत पाडण्याच्या अर्जावर नगरपरिषदेने ९० दिवसांत निर्णय दिला नाही, तर संमती गृहीत धरली जाते. इंग्लंडमध्ये आठ आठवडे उलटले की अर्जदाराला अपिलाचा हक्क मिळतो, पाडण्याचा नाही. आपण इंग्लंडची वाट धरावी. मालकाला ताटकळत ठेवणे हा अन्यायच आहे, पण त्याचा उपाय वरच्या पायरीवर लवकर दाद मिळणे हा आहे.

धोकादायक इमारतीतल्या रहिवाशांचे काय, हा आक्षेप मी हलका मानत नाही. मात्र माणसे हलवणे आणि इमारत पाडणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. मुंबईतल्या काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुने वॉटसन हॉटेल, पाहा. ओतीव लोखंडाचा तिचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून इथे आणून जोडला गेला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ तिथेच झाला. २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडावी असे सांगितले, तर दुरुस्तीने ती वाचू शकते असे संवर्धनतज्ज्ञांनी. रहिवासी बाहेर पडलेले असल्यामुळे या मतभेदाची तपासणी करायला अवधी मिळाला. मुदत संपली म्हणून हातोडा पडला असता, तर दुसरे मत ऐकायला इमारतच उरली नसती.

म्हणून कलम ४५(५) मध्ये एक परंतुक घालावे: वारसा यादीतल्या वास्तूच्या पाडकामाला मानीव परवानगी लागू होणार नाही; ६० दिवसांत निर्णय न कळवल्यास अर्जदाराला थेट शासनाकडे अपील करता येईल आणि विलंबाचे लेखी कारण संबंधित अधिकाऱ्याला द्यावे लागेल. त्रुटीपत्रही अर्ज आल्यापासून पहिल्या १५ दिवसांतच आणि एकदाच काढता यावे.

आपला,
वारसा वास्तूंविषयी आस्था असलेला एक नागरिक