मॅडम सुट्टीवर आहेत!

डिसेंबर आला की आपलं कसं मस्त चाललेलं असतं, नाही? कपाटातून स्वेटर बाहेर, ऑफिसखालच्या टपरीवर एक्स्ट्रा चहा, वीकेंडला हुरडा पार्टी. पण माझ्या मागच्या अंगणातल्या सहा मॅडमचं काय? पुण्याच्या वेशीवर आमचं रो-हाउस. पहाटे पारा दहाच्या खाली गेला की सगळ्यांचा एकच सल्ला, "अगं, खुराडं चारी बाजूंनी पॅक कर!"

मुळीच नको! कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ डिग्रीच्या आसपास असतं आणि पिसं फुगवली की तिची रजई तयार. तिला थंडीपेक्षा ओल बाधते. बंद खुराड्यात श्वासाची वाफ आणि विष्ठेतला अमोनिया कोंडतो, मग सर्दी ठरलेलीच. म्हणून वाऱ्याच्या बाजूला रात्री गोणपाट टाका, पण छपराखालची वीतभर जाळी उघडीच ठेवा. खाली चार बोटं भाताचं तूस, ओलं झालं की लगेच बाहेर. बसायला दोन इंच रुंद चपटी पट्टी, म्हणजे पायाची बोटं पोटाच्या पिसांत झाकली जातात. झोपण्याआधी मूठभर मका द्या. तो पचताना रात्रभर ऊब मिळते.

पिल्लांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांना अजून पिसंच नसतात, त्यामुळे बल्ब हवाच. पहिल्या आठवड्यात ३५ डिग्री, मग दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी. बल्बखाली एकमेकांवर चढली तर समजा थंडी वाजतेय, लांब पळाली तर उकडतंय. गर्दीत गुदमरून पिल्लं मरतात, तेव्हा रात्री एक चक्कर माराच.

आणि आता सगळ्यात नाजूक विषय. परवा ऑफिसातल्या एका मित्राने विचारलं, "दोन आठवडे एक अंडं नाही. रविवारी रस्सा करू का?"

थांब रे बाबा! भरपूर अंडी द्यायला कोंबडीला साधारण १४ तास उजेड लागतो. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा. त्यात वर्ष उलटलेली कोंबडी जुनी पिसं झाडून नवी घालत असते, म्हणजे अंड्याचं प्रोटीन पिसांत जातं. खात-पीत असेल, तुरा लाल असेल, तर ती बिलकुल ठीक आहे. मलूल बसली, नाक-डोळे गळायला लागले, तर डॉक्टर गाठा.

पोल्ट्रीवाले बल्ब लावून दिवस लांबवतात आणि अंडी चालू ठेवतात. घरीही जमेल. मी लावत नाही. उशिरापर्यंत ट्यूबलाइटखाली बसवून काम काढून घेणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला हवं का? वर्षभर न सांगता टार्गेट पुरं करणारीला एवढी रजा द्याच. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो, आणि एका सकाळी तुसात कोमट अंडं सापडतं. तोवर कोपऱ्यावरच्या दुकानातून आणा की डझनभर!